राणीचा हात

पोलीस जमादारांनी घमेलं माझ्या टेबलावर ठेवलं आणि वरचं ओलं पोतं बाजूला केलं. आत शिजलेला हात होता.

"मानसाचा हाय का न्हाई, एवढंच लिहून द्या मॅडम. जरा जल्दी. बाहेर लोक थांबून राह्यलेत."

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. भोकरदन तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून मला सात महिने झाले होते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मराठी बोलायचे, पण सरकारी कागद मराठीत लिहायची वेळ आली की इंग्रजीत लिहायचे. एकूणच कमी बोलायचे.

मी चिमट्याने तो हात उलटा केला. मनगटापासून पुढचा भाग. कातडी काढलेली. पाच बोटं, टोकं कापलेली. तळवा रुंद, मऊ, ओळखीचा वाटावा असा.

"कुठे सापडला?"

"वढ्यापल्याड दरवेशी उतरलेत. दोन पालं हायती." दरवेशी म्हणजे गावोगाव अस्वल नाचवणारे. "पान्याला गेलेल्या बायानं हंड्यात बघितला. म्हाताऱ्याला इचारलं, काय शिजवून राह्यलास? तर म्हन्ला, राणीचा हात हाय. कोन राणी? तर म्हन्ला, अस्वल. कुठंय अस्वल? तर म्हन्ला, मेलं. गावात तर कुनी अस्वल बघितलं न्हाई."

"गावातलं कुणी हरवलंय का?"

"न्हाई."

"मग?"

"दुष्काळात कोन कुठं गेलं, कुनाला म्हाईत मॅडम? अर्धं गाव कामावर पांगलंय."

कोणी हरवलेलं नव्हतं. हे मी ऐकलं आणि तसंच सोडून दिलं.

जमादारांनी खिशातून पंचनाम्याचे कागद काढले. "नरभक्षक लिहिलं व्हतं मी. पन ते वाघाला म्हन्तात. मानूस खानाऱ्या मानसाला इंग्रजीत काय म्हन्तात?"

"कॅनिबल," मी म्हणाले. वर्गात बाईंनी प्रश्न विचारावा आणि हात वर न करणाऱ्या मुलीला नेमकं उत्तर यावं, तसं. आमच्या शाळेतल्या एका गोष्टीच्या पुस्तकात तसलं चित्र होतं. मोठं भांडं, खाली जाळ, भोवती नाचणारी काळी माणसं. ती कोणत्या बेटावरची होती हे आता आठवत नाही.

जमादारांनी तो शब्द सावकाश लिहून घेतला. दारात उभ्या असलेल्या माणसाने तो शेजाऱ्याला सांगितला. बाहेरून आवाज आला, "तसं नाव हाय म्हंजी असत्यात तसले. डॉक्टरीणबाईला बराबर म्हाईत हाय."

आता माझ्या कामाचं सांगते. फोरेन्सिक मेडिसिनच्या पुस्तकात एक ओळ असते: कातडी काढलेला अस्वलाचा पंजा माणसाच्या हातासारखा दिसतो. आम्ही ती पाठ केली होती. मी पंजा कधी पाहिला नव्हता, पण माणसाचा हात एक वर्षभर चिरला होता. माणसाचा अंगठा इतर बोटांपासून वेगळा निघतो, जाड असतो. इथे पाचही बोटं एका ओळीत होती आणि आतलं सगळ्यांत बारीक होतं. अंगठा नव्हताच.

म्हणजे मला कळलं होतं. पण हा मेडिकोलीगल कागद होता, पुढे कोर्टात जाणारा. आमचे सर सांगायचे, जेवढं उलटतपासणीत टिकेल तेवढंच लिहा. मी चोवीस वर्षांची. चुकले तर? मी इंग्रजीत लिहिलं, हा भाग माणसाचा असल्याची शक्यता नाकारता येत नाही, औरंगाबादला अ‍ॅनाटॉमी विभागाकडे तपासणीसाठी पाठवावा. खाली सही केली. एकही शब्द चुकीचा नव्हता.

जमादारांनी कागद आमचे कंपाउंडर अंबादास यांच्याकडे दिला. "काय लिहिलंय?"

अंबादासनी दोनदा वाचलं. "मानसाचा न्हाई, असं म्हन्ता येत न्हाई."

"दोन न्हाई म्हंजे एक हाय," जमादार म्हणाले. "बराबर ना मॅडम?"

मी म्हणाले, "तसं नाही." ते इतक्या हळू म्हणाले की अंबादासनीच फक्त माझ्याकडे पाहिलं. जमादार घमेलं उचलून निघाले होते.

दुपारी ओपीडी संपत आली तेव्हा एक म्हातारी मागच्या दाराने आली. चाँदबी, त्या दरवेशाची, इमामभाईंची बायको. डोक्यावरचं गाठोडं तिने फरशीवर सोडलं. आत अस्वलाचं अख्खं कातडं होतं, डोक्यासकट. नाकाला दोरीचं भोक. एका फडक्यात नखं बांधलेली.

"देख बेटी. येच राणी. चौदा साल हमारे पास थी. पानी नै, चारा नै, मर गई. धावड्याके उधर."

"मग शिजवत का होतात?"

"चरबी निकालरे थे. घुटनोंकू लगाते लोगां. तुम्हारे गाँवकेच लोगां लेते." नंतर तिला माझ्या प्रश्नाचा अर्थ कळला असावा. "खाये नै बेटी. मेरा दूध पीके बड़ी हुई थी वो. अपने बच्चेकू कोई खाता?"

त्या सकाळी तपासलेल्या निम्म्या मुलांच्या गळ्यात अस्वलाच्या केसांचे ताईत होते.

मी नवा कागद घेतला. हा पंजा अस्वलाचा आहे, माणसाचा नाही. एवढंच लिहिलं. या वेळी मी अंबादासना त्याचं मराठीही करायला लावलं आणि आम्ही तिघं इमामभाईंना बसवून ठेवलं होतं त्या पोलीस आउटपोस्टकडे निघालो. अंतर चालत वीस मिनिटांचं. अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या बाजूला धूर दिसला. चाँदबी तिकडे पळत सुटली.

आउटपोस्टच्या व्हरांड्यात इमामभाई खाली पडलेले होते. लोकांनी त्यांना बाहेर ओढलं होतं. जमादार आणि एक शिपाई, दोघंच तिथे. अडवलं का, हे मी विचारलं नाही. लोक आता पांगत होते, बाजार उठल्यासारखे. काही जणांनी मला नमस्कार केला.

मी जमादारांना कागद दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला.

"हे सकाळी का न्हाई लिहिलं मॅडम?"

माझ्याकडे उत्तर होतं. उलटतपासणीत टिकलंही असतं. मी ते दिलं नाही.

इमामभाईंना केंद्रात आणलं. डोक्याला मार होता, डाव्या बाजूच्या बरगड्या मोडलेल्या. मी सलाइन लावलं, जखमा शिवल्या. तोंड साफ करताना पाहिलं, पुढचे चारच दात शिल्लक होते; बाकीचे या मारात नाही, कधीच पडून गेलेले. शुद्ध येत-जात होती. एकदा त्यांनी विचारलं, "लिखे क्या बाई?" मी "हो" म्हणाले. जीपने त्यांना औरंगाबादला पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते तिथे वारले. चाँदबी दुसऱ्या पालातल्या माणसांबरोबर कुठे गेली, हे शोधूनही कळलं नाही. तिचं गाठोडं माझ्या खोलीच्या कोपऱ्यात राहिलं, ते शेवटी पोलिसांनी नेलं.

पण त्या घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ओपीडीत एकजण आला होता. गावातलाच, चाळिशीचा, घरी दोन मुली. यापूर्वी मुलींना घेऊन आलेला, मुलीचं नाक स्वतःच्या धोतराने पुसणारा. उजव्या हाताच्या पंजावर जखम होती. चार दातांच्या खुणा.

"चावला तो," त्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. "धरायला गेलो तर हातच खायला लागला. म्हन्लं न्हवतं का, ह्यांच्या तोंडाला मानूस लागल्याला असतंय?"

रांगेतल्या बायका पुढे वाकून बघू लागल्या. एकीने "आगं बाई" म्हणून पोराला पदराखाली घेतलं. मी सांगायला हवं होतं की चारजण छातीवर बसले तर मीही चावले असते. मी म्हणाले, "हात पुढे करा."

माणसाचा चावा कुत्र्याच्या चाव्याइतकाच, कधी जास्तच घाण असतो. ती जखम शिवायची नसते. शिवली तर आत पू धरतो. उघडी ठेवून रोज धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं. तो रोज न चुकता ड्रेसिंगला येत होता. पट्टी सोडली की बघायला माणसं जमायची.

महिन्याभराने अ‍ॅनाटॉमीचं पत्र आलं: अस्वलाचा उजवा पुढचा पंजा. मी ते जमादारांना वाचून दाखवलं. त्यांनी फाइलला लावलं. मारणाऱ्यांवरचा गुन्हा अज्ञात इसमांवर होता, तो तसाच राहिला. गावात अंबादासनी दोघा-तिघांना पत्राबद्दल सांगून पाहिलं. "आसंल अस्वल," लोक म्हणाले, "पन त्याचा हात बघा की."

तो माणूस शेवटचा आला तो सर्टिफिकेट मागायला. त्याचा हक्क होता. जखम माझ्या रजिस्टरमध्ये होती. मी इंग्रजीत दोन शब्द लिहिले: ह्यूमन बाइट. खाली तारीख आणि सही. त्याने कागद अंबादासपुढे धरला.

"मानूस चावला, असं लिहिलंय," अंबादास म्हणाले.

"कोन चावला, ते न्हाई?"

"ते तू सांगतोसच की."

त्याने कागद चार घड्या घालून खिशात ठेवला, मला नमस्कार केला आणि गेला.

मेडिकोलीगल रिपोर्ट मराठीत लिहायला मी त्याच उन्हाळ्यात शिकले. अंबादासनी शिकवलं. भाषा कठीण नाही, ठराविक वीस-पंचवीस वाक्यं आहेत. डॉक्टरने ती नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकून घ्यावीत.