वर उचललेला हात

प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून इथे रायपूरच्या एका संग्रहालयात प्रदर्शन लागलं. शाळेच्या मुलांना ते हिंडून दाखवायला आमच्या कॉलेजातून काही जणांना घेतलं, त्यात मी होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गळ्यात कार्ड अडकवून मी बीरगांवहून निघाले की पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, मावश्या दारात येऊन बघायच्या. मला ते आवडायचं, आणि लाजही वाटायची.

आई घरी मराठीत बोलते, मी हिंदीत उत्तर देते. त्यामुळे हे लिहिताना अडखळायला होतंय. तरी मराठीतच लिहायचं ठरवलंय, कारण यातलं भांडण आईनं सुरू केलं.

शेवटच्या दालनात ‘तेव्हाचे नागरिक’ अशी एक रांग होती. प्रजासत्ताक झालं त्या दिवशी या भागात कोण कोण राहत होतं, ते दाखवणारे माणसाच्या उंचीचे पुतळे. पागोट्याचा शेतकरी, फाळणीनंतर आलेला सिंधी दुकानदार, चांदीनं मढलेली छत्तीसगढी बाई, काळ्या कोटातला वकील, आणि एक मराठी बाई. बायकांचे पुतळे साडीविना आले होते. माझी आई फॉल-पिकोचं काम करते असं मी सहज बोलून गेले, तर प्रदर्शनाचे प्रमुख असलेले सर म्हणाले, “अरे, तो मम्मी को ले आओ बेटा.”

आई इस्त्रीची साडी नेसून आली. सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मराठी बाईसाठी त्यांनी जरीची नऊवारी आणि एक मोठी नथ आणून ठेवली होती. आईनं नथ हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे बघितलं.

“हे आपल्यात कोन घालते व?”

सर हसले. “आप मराठी ही हैं ना, दीदी?”

“मराठीच हैं साहब. लेकिन हम लोग राजा की फौज के साथ नहीं आए. रेल के साथ आए.”

नऊवारी नेसवायला तिला येतच नव्हतं. एकदा प्रयत्न केला, तर पुतळा धोतर सुटलेल्या माणसासारखा दिसायला लागला. आई तोंडाला पदर लावून हसली, सरही हसले. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडच्या बायका तेव्हा काय करायच्या? आईनं अभिमानानं सांगितलं की तिची सासू, म्हणजे माझी आजी, विदर्भातून नवऱ्यामागे इथे आली आणि इंजिनाची राख, कोळसा डोक्यावरून वाहायची.

“वा! ये तो और अच्छा है,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई घरून हिरव्या काठाची एक सुती साडी घेऊन आली. सरांनी कोठारातून एक जुनी टोपली काढून ठेवली होती. त्या पुतळ्याचा उजवा हात मुळातच वर उचललेला होता. डोक्यावरची कळशी धरायला तसा केला असावा. टोपली तिथे नेमकी बसत होती. साडी जरा वर खोचा, मजूर बाई वाटली पाहिजे, असं सर म्हणाले.

आईनं साडी नेसवली ती थेट पावलांपर्यंत. निऱ्या चापूनचोपून बसवल्या. मग टोपली उचलून सरांच्या टेबलावर ठेवली.

“ये नहीं.”

“दीदी, आपने ही तो बताया. ढोती थीं ना?”

“ढोती थी. खूप ढोयी.”

“तो इतिहास से शरमाना कैसा?”

मला सरांचं बोलणं चूक वाटलं नाही, हे खरं सांगते. टोपली खोटी नव्हती. आजीच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झाले होते, ते मी लहानपणी पाहिलंय. मी आईला हळूच म्हटलं, “रहने दो ना मम्मी.”

आई रांगेच्या सुरुवातीपर्यंत चालत गेली आणि परत आली.

“साहब, ये शेतकरी का नांगर किधर है? दुकानदार का तराजू? सब नहा-धो के खड़े हैं. फोटो खिंचाने आए हैं जैसे. तो मेरी सास अकेली काम पे काहून आई? उसको छुट्टी नहीं थी क्या?”

सरांनी रांगेकडे पाहिलं. मग म्हणाले, “पर टोकरी के बिना ये हाथ देखिए. नारा लगा रही है ऐसा लगता है.”

“तो लगाने दो.”

उद्घाटनाला टोपली नव्हती. पाहुणे आले, रांगेसमोरून चालत गेले, वकिलाच्या कोटाला हात लावून पुढे गेले. आई घरी खूश होती. पाऱ्यात सगळ्यांना सांगून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर टोपली डोक्यावर होती. हाताला बारीक तारेनं बांधलेली. खाली पाटी लागली होती: मराठी श्रमिक महिला. इतर कुणाच्या पाटीवर काम नव्हतं. शेतकरीसुद्धा फक्त ‘ग्रामीण नागरिक’ होता.

पहिली शाळा आली. आम्हाला काय बोलायचं ते लिहून दिलं होतं, मला ते पाठ होतं. त्या पुतळ्यापाशी आले आणि थांबले. एका मुलानं विचारलं, “दीदी, इसकी टोकरी में क्या है?”

“कुछ नहीं,” मी म्हणाले. “ये टोकरी कल नहीं थी. आज रखी है. बाकी सब छुट्टी पर हैं, इसी को काम पर भेज दिया.”

मुलं हसली. एक मुलगी म्हणाली, “ये तो गलत है!” त्यांच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

दुपारी सरांनी बोलावलं. रागावले नाहीत. जो लिखा है वही बोलो बेटा, म्हणाले, ये आगे तुम्हारे काम आएगा. प्रमाणपत्र मिळणार होतं, त्याबद्दल ते बोलत होते.

“सर, टोकरी रहेगी तो मैं बोलूँगी.”

“तो फिर कार्ड जमा कर दो.”

मी केलं. बाहेर पडून फाटकापर्यंत गेले. बस यायची होती. आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. मग वाटलं, प्रदर्शन तर सगळ्यांसाठी खुलं आहे. कार्ड गेलं म्हणून मला आत जायला कोण अडवणार? मी परत गेले आणि त्या पुतळ्याशेजारी उभी राहिले. चौकीदार भैयानं मला ओळखलं. “अब क्या है?” म्हणाला. मी म्हटलं, “देखने आई हूँ.”

रात्री आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, कार्ड गेल्याचं ऐकून रडेल. ती म्हणाली, “पोट्टी, उद्या डबा घेऊन जा. उभं राहून भूक लागते.”

प्रदर्शन अजून काही आठवडे आहे. कॉलेज सुटलं की मी जाते. टोपली अजून आहे. कुणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तरी सांगते.