शेवटची तुळई

माझा नवरा कबुता आणि त्याचा धाकटा भाऊ बेनिआता एकदा मानेआबात, म्हणजे आमच्या बेटाच्या चावडीत, कडाकडा भांडले. मी बाहेर चटई विणत होते. मानेआबाच्या छताची एकेक तुळई म्हणजे आभाळाचा एकेक तुकडा. आमचे दर्यावर्दी तारे, वारे, लाटा तिथंच शिकवतात; एक तुळई दिली म्हणजे एक धडा दिला.

"शेवटची तुळई पोरीला देणार?" बेनिआता म्हणाला.

"नातीला नको तर कुणाला देऊ? तुला? तुझं तर कोंबडीसुद्धा ऐकत नाही."

रागाच्या भरात कबुता शेवटचं ज्ञान बोलूनच गेला: पाणी शांत असताना प्रवाळाच्या कड्यातल्या खिंडीच्या तोंडाशी दोन बाजूंनी लाट आली, तर दिवस मावळायच्या आत पश्चिमेचा वारा सुटतो. होडी काढायची नाही.

मी ऐकलं. पण शेवटची तुळई हातात हात घेऊनच द्यायची असते. कानावर पडलेली पुढं सांगितली, तर घरावर उलटते म्हणतात.

आमची नात रोटिया बाकीच्या तुळया दहाव्या वर्षीच शिकली. शाळेत तिघींत एक पाटी, तरी पोरगी पुढंच. ती परदेशी शिकत असताना कबुता गेला. जाताना शेवटची तुळई त्यानं नाइलाजानं बेनिआताच्या हाती दिली; तो राहतो खिंडीपलीकडच्या लहान बेटावर. आज रोटियाच्या हाताखाली ऑस्ट्रेलियात दोनशे माणसं अवकाशाचा शोध घेतात. तरी दरवर्षी ती येते, वडीलधाऱ्याला द्यायची तंबाखू घेऊन त्याच्याकडे जाते. तो तंबाखू ओढतो आणि म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू."

"आज्जी, मोठमोठी यंत्रं आहेत माझ्याकडे," ती म्हणायची, "पण पहिलं आभाळच अर्धं राहिलंय."

यंदा त्याचाच निरोप आला: खोकला वाढलाय, ये, देतो.

दुपारी पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. आणि खिंडीच्या तोंडाशी लाट दोन बाजूंनी येत होती.

"उद्या जा," मी म्हटलं.

"उद्यापर्यंत राहील का म्हातारा?"

"राहील. मरायचासुद्धा कंटाळा करतो तो."

ती हसली. "आणि वारा परवा आहे, आज्जी. आमच्या यंत्रानं सांगितलंय."

माझ्या तोंडात शब्द होते. माझ्या हाताला तिचा हात अगदी जवळ होता. मी त्यात तंबाखूची गुंडाळी ठेवली, भाजलेला मासा पानात बांधून दिला.

"संध्याकाळी गरम नीरफणस ठेव," ती म्हणाली.

तिनं होडी ढकलली, वल्हं पाण्यात घातलं. निघताना मागं वळून बघायचं नसतं. दरवर्षीसारखाच एक हात वर केला आणि खिंडीकडे वळली.