पिंजऱ्यासमोरचं जेवण

कॉलेजच्या पार्किंगमध्ये आई मेलेलं कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. मी ते धायरीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं. घरात आई आणि मी, दोघीच. आम्ही बाहेर पडलो की ते रडायचं. खाली राहणाऱ्या मालकीणबाईंनी मला जिन्यातच गाठलं.

"बाळाचा गळा चांगला आहे हो. गाण्याच्या क्लासला घाला. रविवारी दुपारी मी वर येते. गप्प असेल तर राहू दे, नाहीतर दुसरं घर बघा त्याला."

वर्गातल्या मैत्रिणीकडून मी तिच्या कुत्र्याला लहान पडलेला क्रेट आणला, लोखंडी जाळीचा. इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. सगळं कळलं असं म्हणणार नाही. एवढं कळलं की क्रेट म्हणजे पिल्लाची खोली. खाणं आतच द्यायचं, थोडा वेळ दार लावायचं आणि रडणं थांबल्यावरच उघडायचं.

"पिंजरा उंदराला असतो गं," आई म्हणाली. मग थांबून, "पण तू शिकलेली हायस. तुला कळत असंल."

हे ऐकून मला भीतीच वाटली.

पिल्लू आत झोपायला शिकलं. अडलं ते आम्ही जेवताना. आमच्याकडे कुणी बघत असेल तर त्याला दिल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. जाळीमागून दोन डोळे बघायचे, बारीक कुईकुई व्हायची, आणि आई भाकरीचा तुकडा आत सारायची. ओरडलं की भाकरी येते, हे त्याला लवकरच कळलं. मग आम्ही घरात नसतानाही ते भाकरीसाठी ओरडू लागलं.

"आई, देऊ नकोस. अशानं त्याला घालवावं लागेल."

"मग आधी पोटभर घाल त्याला."

"घातलंय. ती भूक नाहीये."

"तुला आत कोंडून मी समोर जेवले तर चालंल का?"

व्हिडिओत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आई क्रेटकडे पाठ करून जेवायला बसू लागली. पिल्लू ओरडलं की तिचा हात ताटातच थांबायचा. उरलेली भाकरी ती झाकून ठेवायची. मी मात्र जेवत होते, चावण्याचा आवाज होऊ न देता.

रविवारी मालकीणबाई ऐन जेवणाच्या वेळी आल्या. माझं ताट वाढलेलं होतं. आई "मी मागनं जेवते" म्हणत उंबऱ्याशी उभी राहिली. पिल्लाने माझ्या हाताकडे एकदा पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून आडवं झालं. अजिबात आवाज नाही.

"शिकलं की! माणसांची मुलं ऐकत नाहीत इतकं," मालकीणबाई म्हणाल्या. "राहू द्या."

त्या गेल्यावर मी क्रेटचं दार उघडलं. ते लगेच बाहेर आलं नाही. आईने खाली बसून भाकरीचा तुकडा मोडला, हात पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. घास देण्यासाठी आईने मला कधी विचारलं नव्हतं.

"दे ना," मी म्हणाले.

तिने तुकडा परत ताटात ठेवला. "नको. पुन्हा सवय लागंल."

पिल्लू आमच्याकडेच आहे. आई आता त्याच्या नजरेआड, आतल्या खोलीत जेवते.