आवणीचे पंधरा दिवस
ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज मुरबाडच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या साडीला भातआवणीच्या चिखलाचा वास आला आणि राहवेना. शहापूरच्या कॉलेजात मी मुलींना बास्केटबॉल शिकवायचो. पाड्यावरची एक नवी पोरगी सामना एकही खेळली नव्हती, पण तिचा चेंडू कड्याला न शिवता जाळीत उतरायचा. ऐन सरावात ती पंधरा दिवस आली नाही. परतली तेव्हा नखांत चिखल. "आवणी व्हती, सर. आता नाय चुकनार." कर्णधार म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना तिला संघात, सर, अशी दुसरी नाय गावायची." "मग भातच लावू दे तिला," म्हणत मी संघाच्या यादीतून तिचं नाव खोडलं. त्याच पंधरवड्यात घरच्या आवणीला मीही चार दिवस रजा काढली होती. ती कॉलेजात पुन्हा दिसली नाही. पुढे एकदा सापगावच्या रस्त्याला काकड्या विकताना भेटली. "बरं हाय ना, सर?" माझं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "काकडी कोवळी आहे ना?"