खिशावरचा डाग

वडील शिंपी होते. त्यांनी माझ्यासाठी शिवलेल्या शेवटच्या सदऱ्यावर, थेट खिशावर, आमटीचा थेंब उडाला. मी शूरवीरासारखा साबण घेऊन धावलो, तर पिवळा डाग लालभडक!

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, हळदीला साबण लावतं का कुणी? उन्हात टाकायचा!"

आठवडाभर मी सदरा घेऊन गच्चीत उन्हामागे फिरलो. सदरा विटला, डाग हलला नाही. आमटीच्या थेंबाची ही चिकाटी माणसांच्या अंगी का नसते?

शेवटी कोपऱ्यावरचा टेलर म्हणाला, "काका, सोप्पं आहे. हा खिसा उसवतो, नवा लावतो." त्याने कात्री उचललीसुद्धा.

मी सदरा हिसकावून घेतला. वडिलांच्या हातचे टाके आता जगात एवढेच उरले आहेत, आणि ते अंगावर घालून कुठे जायची सोय राहिलेली नाही.