भिंतीवरची शेळी

माझं डोकं लवकर तापतं. आता सत्तरी ओलांडली तरी तापतं, तेव्हा तर मी विशीतली होते. पण त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी जेवढी तापले, तेवढी पुन्हा कधी तापले नाही.

हिंगोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीचे. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी कॅनॉलनं आमच्या रानात येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी सून म्हणून त्या गावात आले तेव्हा आमच्या बौद्धवाड्यात सातवी पास झालेली बाई मी एकटी. म्हणून विहारात बालवाडी सुरू झाली तशी ती माझ्या गळ्यात पडली. पडली म्हणते खरी, पण मला ती जिवापाड आवडायची. तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची लेकरं यायची, शेजारच्या तांड्यावरचीही चार-पाच यायची.

वाचायला काय होतं? उंदरांनी कुरतडलेला एक तक्ता. लेकरं अ आ इ गाणं म्हटल्यासारखं म्हणायची आणि घरी गेली की संपलं. घरात अक्षर म्हणून दिसायचं ते चहाच्या पुडीवर, तेही चुलीत जायचं. आयांना अक्षर येत नव्हतं, आणि ज्याच्या आईला अक्षराचं कौतुक नाही ते लेकरू कशाला अक्षराकडे बघेल?

तेवढ्यात तालुक्याहून निरोप आला. चित्रांच्या पुस्तकांची एक पेटी आली होती, आणि ती एकाच गावाच्या बालवाडीला मिळणार होती. जिथं लेकरं आणि आया दोघं मिळून वाचताना दिसतील तिथं तालुक्याचे साहेब स्वतः येऊन, बघून पेटी देणार. मी घरी येऊन सांगितलं, ही पेटी मी आणणार म्हणजे आणणार.

माझी सासू ओसरीवर तूर निवडत होती. सासूला आम्ही मामी म्हणायचो. मामीनं मान वर न करता सांगून टाकलं की शिमग्यापर्यंत पेटी आली तर ठीक, नाहीतर बालवाडी बस झाली, रानात यायचं. घरात हात कमी पडत होते, तिचंही खोटं नव्हतं. पण मला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. पेटी गेली तर बालवाडी गेली, आणि बालवाडी गेली तर माझं शिकणं मातीत गेलं, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

पुस्तक नाही तर काय करायचं? दिवाळी नुकतीच झाली होती आणि गल्लीतल्या नऊही घरांच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या होत्या, कोऱ्या करकरीत. मी वाटीत काव, ती लाल माती, कालवली, कडुलिंबाच्या काडीला चिंधी बांधली आणि पहिल्या घरच्या बाईला विचारून तिच्या ओसरीच्या भिंतीवर, लेकरांच्या उंचीला, मोठ्या अक्षरात लिहिलं: एक शेळी होती. दुसऱ्या घरावर: शेळीला बाजार बघायचा होता. तिसऱ्यावर: ती बाळापूरच्या वाटेला लागली. चौथ्यावर: वाटेत नदी आडवी आली. एका घरावर एक ओळ. गोष्ट पुढं वाचायची तर पुढच्या घरी जायचं.

लेकरांनी त्यात एक नियम माझ्या नकळत घातला. ज्याची भिंत त्या घरच्या बाईनं ओळ वाचून दाखवायची, बोट ठेवून. तोवर टोळकं दारातून हलायचं नाही. बाई भाकरी थापत असो की पाणी घेऊन येत असो, लेकरं तिचा पदर ओढायची. बायांनी आधी ओळ पाठ केली. मग बोट चुकलं की लेकरं हसायची, म्हणून बोट बराबर ठेवायला शिकल्या. मग शेजारणीच्या भिंतीवर तेच अक्षर दिसलं की थबकायला लागल्या. दुपारच्या वेळी गल्लीत ‘हा तुझ्या घरचा श, हा माझ्या घरचा’ असं चालायचं. मी बघायची आणि मनातल्या मनात नाचायची.

नववं घर आमचं. मामीनं आधी भिंतीला हात लावू दिला नाही. भिंती काळ्या करून राहिली म्हणाली, काव लाल होती तरी. पण गोष्ट आठव्या घरी तुटायची, आणि शेळीचं पुढं काय झालं हे विचारायला टोळकं रोज आमच्या दारात. त्यात माझ्या थोरल्या जावेची पोरगी, पाच वर्षांची, आजीच्या सुपाशी बसून भंडावून सोडायची. शेवटी मामी वैतागली आणि मला म्हणाली, लिही एकदाची. मी लिहिलं: शेळी घरी आली आणि निजली.

मामीनं ते नातीकडून वाचून घेतलं आणि नाक मुरडलं. एवढा बाजार बघून आलेली बाई गप निजंल व्हय, असं तिचं म्हणणं. मी फणकाऱ्यानं सांगितलं की गोष्ट माझी आहे. त्यानंतर लेकरं आली की तीही बाकीच्या बायांसारखी बोट ठेवायची, पण तोंड दुसरीकडं करून, जसं काही हे काम कुणी जबरदस्तीनं करून घेतंय. भांडी घासताना एकदा तिच्या राखेत बोटानं ओढलेला ‘श’ मला दिसला होता. नातीचाच असेल असं मी समजले.

साहेब यायचा दिवस ठरला. मी सकाळीच फाट्यावर त्यांना घ्यायला गेले, कारण कॅनॉलची वाट परक्याला सापडत नाही. एसटी उशिरा आली. येताना मी सगळ्या वाटेनं त्यांना सांगत होते की आमच्या गल्लीचंच एक पुस्तक आहे, नऊ पानांचं, असं तुम्ही कुठं पाहिलं नसेल.

आणि गल्लीच्या तोंडाशी आलो तर काय, नऊही भिंती दुधासारख्या पांढऱ्या. एक अक्षर नाही.

घरात पाहुणा यायचा आणि भिंत पोतारलेली नाही, ही आमच्याकडं शरमेची गोष्ट. तालुक्याचा साहेब येणार म्हणून मी फाट्याकडं गेल्या गेल्या बायांनी नदीकाठची माती आणून, भिजवून, सगळी गल्ली पोतारून काढली होती. सगळ्यांच्या पुढं मामी. साहेब कशासाठी येतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हाताच्या सवयीपुढं ते कुणाला आठवलंच नाही. खाली कावेचा पट्टा ओढायचा तेवढा राहिला होता. वाट्या घेऊन बाया दारादारात उभ्या, कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडं बघत.

मी काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. तुमची अक्कल का चरायला गेली होती, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. बायांची तोंडं उतरली. पहिल्या घरच्या बाईनं तर पदर तोंडाला लावला. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी आणखी ओरडले.

साहेब माणूस वाईट नव्हता. लेकरांना म्हणाले, बरं, गोष्ट तर सांगा. लेकरांनी एका दमात शेळीला बाजारात नेऊन घरी आणून निजवलं. साहेब हसले, पण मान हलवली. म्हणाले, बाई, हे पाठांतर झालं. वाचन मला दिसलं पाहिजे. आणि पिशवी खांद्याला लावली.

तेव्हा मामी पुढं आली. माझ्याकडं बघितलंही नाही. साहेबांना म्हणाली, “थांबा जरा. आमी पुसलं, आमीच लिहितो.”

ती ओसरीवर चढली, कावेत बोट बुडवलं आणि भिंतीकडं तोंड करून लिहायला लागली. तिचं बघून आठव्या घरची बाई तिच्या भिंतीकडं वळली, मग सातव्या घरची. काडी नाही, चिंधी नाही, सगळ्या बोटानं लिहीत होत्या, जीभ दाताखाली धरून. चौथ्या घरची बाई रानात होती, तर तिचा चार वर्षांचा लेक पुढं झाला आणि त्यानं गुडघ्याएवढ्या उंचीवर ‘नदी’ एवढंच लिहिलं. त्याला ओळीतलं तेवढंच येत होतं, आणि ते बराबर होतं.

साहेबांनी पिशवी खाली ठेवली. जावेच्या पोरीला म्हणाले, चल, तू वाच. ती पहिल्या घरापासून निघाली, मागं सगळी गल्ली. अक्षरं वाकडी, कुठं काना राहिलेला, तरी ती धडाधड वाचत गेली. साहेबांच्या तोंडावर अजून शंका होती, कारण पाठ असल्यावर कुणीही वाचेल.

आमच्या भिंतीपाशी ती आली. “शेळी घरी आली आणि निजली,” म्हणाली आणि थांबली. भिंतीवर पुढं आणखी काही होतं. ती भिंतीच्या जवळ गेली, ओल्या कावेवर बोट ठेवलं. आम्ही सगळे तिच्या बोटाकडं बघत होतो.

“न्हाई,” तिनं वाचलं. मग एकेक अक्षर जुळवत, “निजली न्हाई. बाजार सांगत बसली.”

मग ती गर्रकन वळून ओरडली, “आज्जे, तू बदललीस!”

साहेबांनी स्वतः पुढं होऊन ती ओळ वाचली, दोनदा. मामीकडं वळून विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं लिहायला?

“सांगंल कोण?” मामी म्हणाली. “माझी भिंत हाय.”

मी तिथंच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. बायांनी मला धरलं आणि माझ्याच शिव्या मला परत ऐकवल्या, अक्कल चरायला गेलेली आली का परत म्हणून. हसून हसून गल्ली लोटपोट झाली. त्या दिवसाइतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे मी खरं सांगते.

पेटी आठ दिवसांनी आली, बैलगाडीतून, लेकरं गाडीच्या पुढं-मागं पळत. बालवाडी पुढं कितीतरी वर्षं चालली आणि मला रानात जा असं मामी पुन्हा कधी म्हणाली नाही.

पुढची दिवाळी आली. मामीनं भल्या सकाळी माती भिजवली आणि सगळं घर पोतारलं, आत-बाहेर, कोपरे सोडले नाहीत. फक्त ओसरीवरची ती ओळ तिनं चहूबाजूंनी हात फिरवत तशीच राखली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळीला राखली.