पहिल्या गाईची शिंगं

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. स्वित्झर्लंडमधल्या या कड्याखालच्या गावावर मी लिहावं हे धाडसच, माफ करा. इथली गुरं पिढ्यानपिढ्या उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत राहतात. वर कुणी माणूस दगावला, तर खाली उतरताना गाईंना एरवीसारखी फुलं बांधत नाहीत.

यंदा बर्फ लवकर पडला, फोन बंद झाले. माझ्या घरमालकीण आनाकाकूंचा नवरा वरच होता. आज वळणावर घंटा वाजल्या, तसा काकूंनी माझा दंड धरला.

"तुझे डोळे तरुण आहेत, बघ रे!"

धुक्यात नुसती शिंगं दिसली. इथल्या किती बायका अशा वर बघत उभ्या राहिल्या असतील? मग गाय वळली.

"फुलं आहेत, काकू! पिवळी!"

"येऊ दे मग. दाढी केल्याशिवाय घरात घेणार नाही त्याला."

माझा दंड मात्र त्यांनी सोडला नव्हता.